पाचशे वाक्यांचा जपान

सिद्धलिंग सरांनी क्लास काढला तो जपानी भाषेचा, पण रीत अस्सल लातूरची. पाचशे वाक्यं, प्रत्येकाला नंबर. सरांनी इंग्रजी वाक्य टाकायचं, पोरींनी जपानी हजर करायचं. ‘एकशे बारा, व्हेअर इज द पेन?’ म्हटलं रे म्हटलं, की जळकोटची पंचशीला दम न घेता, “दोको गा इताई देसु का!”

दुष्काळाचं साल. शहराला पाणी रेल्वेनं येत होतं, होस्टेलं ओस पडली होती. नर्सिंग झालेली पंचशीला मात्र हलली नाही. जपानच्या एका वृद्धाश्रमात नोकरीची जागा होती, तीही एकच. तिची आई चांगुणा गावाकडं रोजगार हमीच्या कामावर बायांना सांगत होती, “माझी लेक जपानला जाऊन राहिली.” लेक लातुरातच होती, पण गावानं तिला कधीच पोचवून टाकलं होतं.

“सर, फॉर्मात जिल्हा काय लिहू? उदगीर नवा जिल्हा होणार, जळकोट त्यात जाणार म्हणतेत.”

“तू आधी जपानचा पत्ता मिळव. जिल्ह्याचं सरकार बघील.”

मुलाखतीच्या दिवशी लॅपटॉपवर दोघी दिसल्या: आश्रमाच्या मॅडम, आणि शेजारी चाकाच्या खुर्चीत तिथल्याच एक आजी. मॅडम हसल्या आणि जपानीत लांबलचक काहीतरी बोलल्या.

पंचशीला मनात नंबर शोधू लागली. एक ते पाचशे सगळं धुंडाळलं. इंग्रजी ऐकलं की जपानी तोंडात यायचं. पण समोरून जपानीच आलं तर काय करायचं, हे कुणी शिकवलंच नव्हतं! तिनं सरांकडं पाहिलं. सर छताचा पंखा वाचत होते.

“सर, काय म्हणून राहिल्या बाई?”

“नंबरच सांगत न्हाई की गं ती!”

म्हणजे सरांनाही कळलं नव्हतं! मग ती एक नंबरपासून वाक्यं म्हणत धडाधड सुरू झाली. अकरापर्यंत मॅडमचं हसू मावळलं. चौदाला त्यांनी पेन उचललं, कागदावर काहीतरी खोडलं.

तेवढ्यात आजींचा हात वर आला. पुटपुटल्या त्यातला एकच शब्द पंचशीलानं पकडला: मिझु. एक्केचाळीस नंबर. पाणी. लातुरात त्या साली शिकलेला हा शब्द जन्मभर विसरणं शक्य नव्हतं. मुलाखत गेली खड्ड्यात! तिनं पिशवीतली अर्धी बाटली काढली, झाकण फिरवलं आणि थेट पडद्याला लावली.

“घ्या आजी. हळू घ्या, ठसका लागंल.”

“अगं ए, ती जपानात हाय!” सर किंचाळले.

आजींनी बाटलीकडं पाहिलं, आणि खरोखरच तोंड पुढं केलं. मॅडम लगबगीनं उठल्या, तिकडचा पेला आजींच्या ओठाला लावला. मग पडद्याकडं वळून पहिल्यांदाच तुटक इंग्रजीत म्हणाल्या, “तुम्ही. ऑक्टोबरमध्ये. या.”

हे मात्र नीट कळलं. आणि पाचशेच्या पाचशे वाक्यं डोक्यातून उडाली. हातात उघडी बाटली, उघडं तोंड, अशी ती नुसती उभी.

मागून सर दबक्या आवाजात ओरडत होते, “तीन नंबर! अगं, आभार! तीन!”