तांबडा रस्सा पिणारा वीरगळ

मांडवघोळच्या फाट्यावर रविवारी सकाळी एवढी झुंबड उडायची की गगनबावड्याकडं जाणाऱ्या एसट्या अर्धा अर्धा तास अडकून पडत. कारण काय, तर तिथल्या वडाखालचा आठशे वर्षांचा दगड तांबडा रस्सा पीत होता. दूध पिणारे देव आपण ऐकले होते. पण नुसत्या दुधावर भागवील तो कोल्हापूरचा वीर कसला!

दगड म्हणजे वीरगळ, लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीसाठी कोरलेली शिळा. वर्षाकाठी दोन-चार शाळांच्या सहली यायच्या, गाडी थांबवून एखादं पावणं फोटो काढायचं, एरवी त्याच्याकडं कुत्रं ढुंकून बघत नव्हतं. मग फाट्यावर हॉटेल टाकलेल्या सम्राटच्या स्वप्नात म्हणे वीर आला. सम्राटनं शिळेपुढं सिमेंटचा चौथरा बांधला, त्यावर झुपकेदार मिशांचा पितळी मुखवटा बसवला आणि भगवा फेटा बांधून शेजारी घुमायला लागला.

"आम्ही भोज राजाचे सरदार!" डोळे पांढरे करून तो गरजायचा. "रणात तहानलेले पडलो! आठशे वर्षांची तहान आहे, रस्सा आणा!" मध्येच हे सरदार 'एनर्जी' आणि 'व्हायब्रेशन' असंही बोलायचे, पण भोज राजाच्या दरबारात इंग्रजी कुठून आलं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

घराघरातून पातेली यायची. सम्राट पळीपळीनं रस्सा मुखवट्याच्या उघड्या तोंडात ओतायचा, आत गुडगुड व्हायचं आणि थेंबही बाहेर सांडायचा नाही. बायका पदर पसरायच्या, बाप्ये मोबाइल उंच धरायचे. मटणाच्या फोडी तेवढ्या वीराला चालत नसत. त्या सम्राटच्या डब्यात जात.

या रांगेत तानाबाई चार रविवार उभी राहिली होती, आणि चारही रविवार मनातल्या मनात वीराला आणि सम्राटला शिव्या घालत होती. तिचा नवरा गणपतराव म्हणजे कुणाच्या बापाला न भिणारा गडी. चार म्हशी, उसाचं रान, आवाज असा की बोलला तरी भांडतोय वाटावं. त्याला नवी चप्पल चावली. अंगात साखर, फोड चिघळला, बोट काळं पडलं. शिवाजी पेठेतल्या डॉक्टरनं सरळ सांगितलं की आज एक बोट काढलं तर पाय वाचेल, उशीर केलात तर गुडघ्यापासून जाईल. बोट काढायचं म्हटल्यावर वाघाची शेळी झाली. शेळी तिथून उठली ती थेट सरदारापुढं जाऊन बसली. सरदारानं फर्मान काढलं: अकरा रविवार रस्सा, इंजेक्शन बंद, जखमेला अंगारा.

तानाबाई रोज पाय धुऊन फडकं बदलायची. काळेपणा पुढं सरकत होता, वास यायला लागला होता. ती रडली, भांडली, माहेरी जाते म्हणाली. गणपतरावाचं एकच पालुपद, अकरा होऊ देत की. अकरा होईपर्यंत पाय राहणार नाही, हे तिला उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. नवऱ्याचा तिला राग यायचा आणि त्याच्याहून जास्त भीती वाटायची.

गुरुवारी फाट्यावर ती ताक विकत बसली होती, तेवढ्यात कोल्हापूरच्या एका शाळेची सहल आली. मैथिली नावाची इतिहासाची बाई पोरांना शिळा समजावून सांगत होती. खाली लढाई कोरलीय, मध्ये अप्सरा वीराला वर नेतायत, सगळ्यात वर तो शंकराची पूजा करतोय. बहुतेक गावच्या गाई पळवणाऱ्यांशी लढताना मेला असावा. तानाबाई ऐकत राहिली. चार रविवार ज्याच्यापुढं हात जोडले, त्यानं केलं काय होतं, हे तिला आज कळलं. माणूस चांगला होता बिचारा. ताकाचा ग्लास पुढं करत तिनं विचारलं, हा रस्सा पितोय ते खरं का?

बाई हसली. "मावशी, दगड काय पितोय ते मला माहीत नाही. पण हा माणूस जिवंत असताना आपल्या देशात मिरचीच नव्हती. ती पोर्तुगीजांनी आणली, याच्यानंतर तीनशे वर्षांनी. यानं तांबडा रस्सा जन्मात बघितला नसणार."

"मिरची न्हवती? मग तिखट कशानं करायचे?"

"मिरी, आलं."

तानाबाईला महिन्याभरात पहिल्यांदा हसू फुटलं. घरी जाऊन तिनं नवऱ्याला सांगितलं. त्यानं मास्तरणीला वेड्यात काढलं. मिरची न्हवती तर माणसं जेवायची कशी, असं त्यानं विचारलं, आणि या प्रश्नाला कोल्हापुरात तरी उत्तर नाही.

पाचव्या रविवारी तानाबाई पातेलं घेऊन रांगेत लागली. गणपतराव काठी टेकत शेजारी होता. पाळी आल्यावर तिनं हात जोडून मोठ्यानं विचारलं, "सरदार, तुमच्या आईच्या हातचा रस्सा कसा असायचा वो?"

सम्राट खुशीत आला. "लालभडक! ब्याडगी मिरची, वरती तर्री! आईसाहेब पाट्यावर वाटायच्या!"

तानाबाईनं गर्दीकडं वळून मैथिलीबाईचं सगळं सांगितलं. लोक फिदीफिदी हसले. मिरचीशिवाय कोल्हापूर? मास्तरणीला ऊन लागलं म्हणे. आता बोला! दगड रस्सा पितो हे ज्यांना पटलं, त्यांना मिरची बाहेरून आली हे पटेना. इतिहासाची डाळ काही शिजली नाही. पण तानाबाई संसारी होती, तिनं दुसरी डाळ घरूनच दळून आणली होती.

तिच्या पातेल्यातल्या रश्शाला चांगल्या तीन-चार मुठी बेसन लावलेलं होतं. वीर पातळ तेवढं पितो आणि फोडी ठेवतो, हे चार रविवार ती बघत होती. असं खाणं तिच्या माहितीत एकाच ठिकाणी होतं, घरच्या मोरीत. आणि मोरीत पीठ गेलं की काय होतं, हे कुठल्याही बाईला विचारा.

पहिल्या चार पळ्या गेल्या. पाचवीला गुडगुड थांबली. सहावी पळी तोंडातून परत आली आणि तांबडं पिठलं वीराच्या मिशांवरून ओघळायला लागलं.

"वीर तृप्त झाले!" सम्राट ओरडला. "पोट भरलं!"

"दर रविवारी चाळीस पातेली पितोय," तानाबाई म्हणाली, "आणि आज चार पळ्यात भरलं व्हय?"

सम्राट काही बोलणार, तोच हॉटेलच्या मागच्या दारानं आचारी विश्वजित हातात ओगराळं घेऊन आला. त्याला इकडच्या भानगडीची गंधवार्ता नव्हती. "दादा," तो म्हणाला, "तिकडं यायचं बंद झालंय की. गिऱ्हाईक खोळंबलंय."

 मग दोघातिघांनी मुखवटा उचकटला. मागं काळी नळी, चौथऱ्यातून खाली, वडाच्या मुळाजवळून उतारानं थेट हॉटेलच्या भटारखान्यात, आणि तिथं चुलीवर मोठी डेग. सम्राट आधी ठिबक सिंचनाच्या दुकानात नळ्या जोडायला होता, ते शिक्षण वाया गेलं नाही. चाळीस घरांचा रस्सा एकत्र उकळून 'स्पेशल वीररस्सा' म्हणून पर्यटकांच्या ताटात पडत होता. चव यायचीच की, चाळीस सुगरणींचा हात होता त्यात! ज्यांनी सकाळी नैवेद्य वाहिला, त्यांतल्या कितीकांनी दुपारी तोच विकत खाऊन वाहवा केली होती. ते आता एकमेकांची तोंडं चुकवत होते. सम्राटच्या अंगातले सरदार तेवढ्यात न सांगता निघून गेले आणि पाठोपाठ सम्राटही निघाला होता, पण त्याला लोकांनी धरलं. पुढचं पोलिसांनी बघितलं.

गणपतरावानं काठी टेकत जाऊन डेगीत वाकून बघितलं. मग बायकोकडं न बघता म्हणाला, "गाडी बोलव. दवाखान्यात जाऊया."

डॉक्टरनं पाय वाचवला. पण एकाच्या जागी तीन बोटं काढावी लागली. शुद्धीवर आल्यावर गणपतरावानं विचारलं, लगेच आलो असतो तर? डॉक्टर म्हणाला, एकच गेलं असतं. तो मोठ्या आवाजाचा गडी उशीत तोंड खुपसून रडला, आणि तानाबाईनं त्याला रडू दिलं.

वीरगळ अजून वडाखाली आहे. जरूर बघायला जा. गाईंसाठी मेलेल्या माणसापुढं मान लववावी, त्यात काही कमीपणा नाही. पण त्याच्या तोंडून कुणी बोलायला लागला, तर त्याला प्रश्न विचारा आणि दगडाच्या मागं जाऊन बघा. आणि पायाला जखम झाली तर दवाखान्यात जा, त्याच दिवशी जा.