बाकावरची वाटणी

मी ऑपरेशन थिएटरशेजारच्या, कपडे बदलायच्या खोलीतला बाक बोलतोय. बोलतोय कसला, ओरडतोय!

सुताराने मला घडवलं ते दमल्याभागल्यांनी टेकावं म्हणून. माझ्या नशिबी सर्जन आले. आमच्या दारावर पाटी होती ‘डॉक्टर’ आणि शेजारच्या दारावर ‘नर्स’. छोट्या मॅडम सर्जरी शिकायला आल्या. डॉक्टरच होत्या, तरी कपडे बदलायला गेल्या नर्सच्या खोलीत. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

खरी मेख पुढेच आहे. उद्याचं ऑपरेशन कोणी करायचं, हे माझ्यावर बसून, बुटांच्या नाड्या बांधता बांधता ठरायचं. विभागाचे प्रमुख, मोठे सर, म्हणायचे, “हर्निया तू घे. पित्ताशय तू कर.”

“आणि मॅडम?” कुणीतरी विचारायचं.

“त्या हूक धरतील. उद्या लग्न होईल, पोरंबाळं होतील, जातील सोडून. शिकवून काय उपयोग?”

सगळे खी खी हसायचे. यातल्या प्रत्येकाला घरी पोरंबाळं होती, बरं का! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मला मस्तक नाही ही गोष्ट वेगळी.

हूक धरायचा म्हणजे ऑपरेशन करणाऱ्याला आतलं दिसावं म्हणून पेशंटचं कापलेलं पोट आकड्याने ताणून धरायचं. शेवटचं वर्ष लागलं तरी मॅडम तेच करत होत्या. स्वतःच्या हाताने ऑपरेशन केलंच नाही, तर त्यांना सर्जन म्हणून कोण उभं करणार?

एका संध्याकाळी दारावर टकटक झाली. “सगळे कपड्यांत आहात ना?” असं विचारून मॅडम आत आल्या आणि माझ्यावर बसल्या. “हं सर, करा वाटणी. मीही ऐकते.”

सर बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधायला लागले. तोंडावर नाही म्हणायची हिंमत कुठून आणणार? शेवटी पुटपुटले, “बरं, उद्याचं पित्ताशय तुम्ही करा.”

मॅडमनी ते केलं, चोख केलं. पेशंट आपल्या पायांनी घरी गेला.

त्याच आठवड्यात सरांचा हुकूम सुटला, “हा बाक जागा अडवतो. काढा इथून.” इतकी वर्षं अडवत नव्हता! बाई टेकली आणि लगेच अडवायला लागला?

आता मी मागच्या अंगणात मोडक्या स्ट्रेचरशेजारी पडलोय. झाडूवाल्या मावशी सांगत होत्या, वाटणी हल्ली सरांच्या गाडीत होते. मॅडम पुन्हा हूक धरतात.

मला परत न्या, पण त्या खोलीत नको. थिएटरच्या दाराबाहेर मांडा, येणाऱ्याजाणाऱ्याला वाटणी ऐकू जाईल असा. मी मजबूत आहे, सगळे मावतील. आणि ज्याला तिथे बसून वाटणी करायची लाज वाटेल, त्याने खुशाल उभं राहून हूक धरावा.