काचेचं पार्सल

अगं, नुसतं ऐक. मधे काही विचारू नकोस, नाहीतर मी कुठे होते तेच विसरते.

आमची छोटी माहितीय ना, माझी धाकटी बहीण, आठ वर्षांची. तर तिचे केस कपाळावरून मागे मागे चालले होते. कानांच्या वर, दोन्हीकडे, इथे बघ, इथे, चक्क कातडी दिसायला लागली. बाबा म्हणाले, चाई पडलीय. आई म्हणाली, चाई कसली, शाळेत कुणाची तरी टोपी घातली असेल, बुरशी आणलीय घरी. दोघांचं त्यावरून चांगलंच वाजलं. मग बाबांनी कांद्याचा रस चोळायला सुरुवात केली. आठवडाभर घरात बसवत नव्हतं आणि वर्गात तिच्या बाकावर कुणी बसेना. केस काही आले नाहीत.

आता आत्या. बाबांची मोठी बहीण, आमच्याकडेच असते. तीस वर्षं पार्सल ऑफिसात बांधणीच्या टेबलावर होती. तिचं एक वाक्य ठरलेलं आहे, 'माझं पार्सल कधी वाटेत सुटलं नाही.' रिटायर झाली आणि दुसऱ्या दिवसापासून छोटीच्या दोन वेण्या तिच्या ताब्यात. सकाळी सहाला स्टूल मांडून, रिबिनी मांडीवर घेऊन तयार. वेणी अशी, की पोरगी दिवसभर उंडारून आली तरी एक केस जागचा हललेला नाही. आई एकदा घाबरत घाबरत म्हणाली, 'वन्सं, जरा सैल घातली तर?' तर आत्या म्हणाली, 'घट्ट बांधले की वाढतात.' आणि टक्कल दिसायला लागल्यावर तिने काय केलं माहितीय? ते झाकायला म्हणून पुढचे केस आणखी ओढून घ्यायला लागली. झाकत होती गं बिचारी, दुसरं काही नाही.

तर सोमवारी मी कॉलेज बुडवलं आणि छोटीला घेऊन स्किनच्या डॉक्टरबाईंकडे गेले. आत्याही आली. पण पेशंटबरोबर एकालाच आत सोडतात, म्हणून ती बाहेर बाकावर बसली.

डॉक्टरबाईंनी आधी वेण्या सोडल्या. मग दिवा लावलेलं एक भिंग असतं, ते डोक्यावर फिरवलं. म्हणाल्या, चाई असती तर गोल, गुळगुळीत चकती दिसली असती, ही ती नव्हे. मग थोडा कोंडा खरवडून काचेच्या पट्टीवर घेतला, शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली बघून आल्या. बुरशी पण नाही. मग चिमूटभर केस हळूच ओढून बघितले. दोनच हातात आले, म्हणजे आपोआप गळतही नव्हते. ताप आला होता का, अभ्यास करताना स्वतःच केस उपटते का, सगळं विचारलं. सगळ्याला नाही. मग म्हणाल्या, 'फोनमध्ये हिचे फोटो आहेत?'

आता आमच्या घरात एक जोक आहे. शाळेच्या प्रत्येक फोटोत छोटी अशी दिसते, की कुणीतरी तिला आत्ताच काहीतरी अजब सांगितलंय. आम्ही तिला 'हो का बाई' म्हणतो. मी हसत हसत दाखवले. डॉक्टरबाईंनी त्यातूनच रविवारचा एक फोटो शोधून काढला, न्हाऊन केस मोकळे सोडलेला, आणि शाळेच्या फोटोशेजारी धरला. म्हणाल्या, 'रविवारी भुवया जागेवर असतात.'

माझं हसू तिथेच गेलं.

'दुखतं का गं?' त्यांनी छोटीला विचारलं.

'मधल्या सुट्टीपर्यंतच.'

'मग घरी सांगितलं नाहीस?'

'आत्या म्हणते, दुखलं नाही म्हणजे सुटणार.'

औषध काही दिलं नाही. वेणी सैल, जमेल तेव्हा केस मोकळे, बस. आत्ता थांबवलं तर काही महिन्यांत परत येतील. असंच वर्षानुवर्षं चाललं तर मुळं मरतात, मग तिथे कायमचं टक्कल. 'वेणीच्या सुरुवातीला करंगळी घालून बघायची. गेली नाही तर सोडायची,' म्हणाल्या. 'वेण्या घालतं कोण?'

आम्ही दोघींनी दाराकडे बघितलं.

बाहेर आले तर आत्या पिशवी घेऊन उभीच. 'काय निघालं? चाई?' मी म्हटलं, नाही. 'बुरशी?' नाही. 'अगं मग काय?' आता कसं सांगू? ती सहाला उठते ती त्या वेण्यांसाठी, दुसरं काम काय उरलंय तिला? मी म्हटलं, 'आत्या, काचेचं पार्सल कसं बांधायचीस?'

'सैल. मधे कागद घालून. आवळलं तर आतल्या आत...' आणि थांबली. छोटीच्या डोक्याकडे बघितलं. बसमध्ये फक्त विचारलं, 'येतील ना परत?' मी म्हटलं, येतील म्हणाल्यात.

मंगळवारी ती उठलीच नाही. छोटी स्टुलावर बसून राहिली, शेवटी मीच कशाबशा दोन शेपट्या घातल्या. बुधवारीही तेच. आई मला म्हणाली, 'काय बोललीस तू त्यांना?'

आणि आज सहाला बघते तर स्टूल मांडलेलं, कंगवा हातात, चेहरा फुललेला. दोन वेण्या घातल्या आणि मला म्हणाली, 'बघ गं, आता ठीक ना? सैल घातलीय.' मी करंगळी घातली. जाईना. छोटी समोर भुवया वर करून बसलेली, आणि माझ्याकडे बघून 'नको ना ताई, सोडू नकोस' असं डोळ्यांनी सांगतेय.

मी रिबीन सोडली. म्हटलं, 'परत घाल, आत्या. काच आहे.'

तिने परत घातली. या वेळी करंगळी गेली, अगदी आरामात. दुपारी छोटी घरी आली ती एक वेणी पार सुटलेली, रिबीन दप्तरात. आत्याने ती वेणी बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि खोलीत निघून गेली. तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. उद्या सहाला स्टूल मांडलेलं असेल की नाही, मला माहीत नाही.

आता बोल. माझ्या जागी तू असतीस तर रिबीन सोडली असतीस?