बर्फातले पाय

त्या वैद्यकीय संस्थेत त्यांना नावाने कुणी ओळखत नसे. सगळे म्हणत, आठतासवाल्या बाई. रक्तपुरवठा तुटलेल्या पायाचे स्नायू किती वेळ तग धरतात, यावर बाईंनी तरुणपणी एक पेपर लिहिला होता आणि त्याचं उत्तर होतं, आठ तास. पुढे जगभरातल्या चार हजारांहून जास्त पेपरांनी त्याचा हवाला दिला. रोज सकाळी चहा घेताना बाई संगणकावर तो आकडा बघायच्या. वाढलेला असला की स्वारी दिवसभर खुशीत. हवाला देणाऱ्यांनी नेमकं काय लिहिलंय, हे मात्र त्यांनी कधी उघडून बघितलं नाही. कौतुक करणाऱ्याची कुणी उलटतपासणी घेतं का!

आज संस्थेची तपासणी होती. बाहेरची समिती वर सभागृहात बसली होती आणि बाई तिथून तडक खाली वॉर्डात धावल्या होत्या, कारण ताईचा फोन आला होता. भावोजींच्या मांडीतली धमनी गुठळीने बंद झाली होती.

ताई बाकावर बसली होती, नवऱ्याच्या चपला मांडीवर घेऊन.

"आलीस एकदाची! अगं, हे लोक नुसतं थांबा थांबा म्हणतायत. हे आत तळमळतायत."

बाई आत गेल्या. भावोजी ओठ दाताखाली धरून पडले होते. पाय पांढराफटक, हाताला गार.

"भावोजी, बोटं हलवा बघू."

"हलवतोय की!" भावोजी म्हणाले.

बोटं जागची हलली नव्हती. सर्जन दारातच उभा होता, त्यांचाच जुना विद्यार्थी.

"यांना आत्ताच्या आत्ता आत घे," बाई म्हणाल्या.

"मॅडम, एका थिएटरमध्ये केस चालू आहे. दुसरं समितीला दाखवायला धुऊनपुसून कुलूपबंद ठेवलंय. आणि इतकी घाई कशाला? दुखायला लागून तीनच तास झालेत. आपल्याकडे आठ आहेत. तुमचाच पेपर!"

"अरे, तो बर्फातल्या पायांचा पेपर आहे!"

"म्हणजे?"

"सशांचे पाय मी बर्फात ठेवले होते. म्हणून आठ तास टिकले. उबेतल्या स्नायूला त्याच्या निम्म्याचीही खात्री नाही."

"पण हाही पाय गारच आहे की."

"वरून गार आहे रे, आतलं मांस ऊबच धरून आहे. ते मरायला लागलंय. बोटं बघितलीस का? तू तो पेपर वाचलायस तरी का?"

सर्जनने मान खाली घातली. "सारांश वाचलाय. आणि पुस्तकांत सगळीकडे आठच लिहिलंय, मॅडम. तुमचा हवाला देऊन."

सारांशात बर्फ नव्हता. शब्दमर्यादा ओलांडली जात होती म्हणून 'बर्फात ठेवलेले' हे दोन शब्द बाईंनीच कापले होते. आत सविस्तर लिहिलंय, वाचणारा वाचेल, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं.

कुलूप उघडायचा हुकूम फक्त संचालकांचा. बाई जिना चढल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. सभागृहात पडद्यावर नेमका त्यांच्याच पेपरच्या हवाल्यांचा आलेख लागला होता, रेघ चढत चढत वरच्या कडेला टेकलेली.

"या, या! या आमच्या आठतासवाल्या बाई," संचालक म्हणाले.

"सर, दुसरं थिएटर उघडायला सांगा. पेशंटचा पाय जातोय."

संचालक नुसते दातांनी हसले. "समितीची फेरी होऊन जाऊ दे, बाई. तासाभराचा तर प्रश्न. तुमच्याच हिशेबाने भरपूर वेळ आहे."

पुढचं वाक्य बोललं की उभ्या जन्माची कमाई याच खोलीत मातीत जाणार, हे बाईंना लख्ख दिसत होतं. क्षणभर, खोटं कशाला बोला, त्यांना गप्प बसावंसं वाटलं. फार वाटलं.

"तो हिशेब अशा पायांचा नाहीच," त्या म्हणाल्या. "माझा पेपर बर्फात ठेवलेल्या पायांचा आहे. या आलेखातल्या लोकांनी तो माणसाच्या उबदार पायाला लावलाय. तसं मी कधीच लिहिलं नव्हतं."

समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी चष्मा काढला. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"आत्ता, खाली. मी नुसता आकडाच बघत आले."

संचालकांचा चेहरा साफ उतरला होता. पण त्यांनी फोन उचलला आणि थिएटर उघडायला सांगितलं.

सर्जन बाहेर आला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. "गुठळी निघाली. पाय वाचला, मॅडम. आठ तासांची वाट बघत बसलो असतो, तर कापावाच लागला असता."

ताईचा बांध फुटला. तिने बाईंचा हात घट्ट धरला आणि पोटभर रडून घेतलं. मग डोळे पुसत म्हणाली, "तो पोरगा मघाशी म्हणत होता, सगळ्या पुस्तकांत आठच लिहिलंय. खरं का गं?"

"खरं आहे."

ताईच्या मनात काही वाकडं नव्हतं, तिला फक्त विचारावंसं वाटलं.

"मग बाकीच्यांचं काय झालं असेल गं? त्यांना असंच थांबवून ठेवलं, तेव्हा त्यांच्यासाठी वर धावत जायला कोण होतं?"

ताईने हात अजून मायेने धरून ठेवला होता. तो सोडवून घ्यावा, असं बाईंना वाटत होतं.