शेपूट हलली की गाय

भिंगरी अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती, आणि त्यावर घरात बाकी सगळे बोलत होते.

"बोलेल गं. तिचा बापही उशिराच बोलला," सासूबाई म्हणायच्या. "आणि एकदा सुरू झाला तो अजून थांबलेला नाही!"

सगळे हसायचे. भिंगरीची आईही हसायची. लोकांना धीर द्यायची भारी हौस. फुकटात देता येतो, आणि दिला की विषय संपतो.

ती तान्ह्या मुलांसाठी कॉम्प्युटरवरचे खेळ करणाऱ्या एका छोट्या कंपनीत चित्रं काढायची. 'बाळाची बुद्धी वाढवा,' असं जाहिरातीत ठोकून दिलेलं. या खेळांनी कुणाची बुद्धी वाढलेली तिनं पाहिली नव्हती, मालकाची तर नाहीच. पण मुलं खिदळायची, तेवढं खरं होतं.

नवा खेळ सोपा होता. पडद्यावर गाय, कुत्रा, मांजर, कोंबडी. ज्याचा आवाज येईल त्याच्यावर बोट ठेवायचं, की तो प्राणी नाचू लागतो. सगळे आवाज भोंग्याचे. आवाजाचं खातं सांभाळणाऱ्या त्या पोरगेल्या माणसाला ऑफिसात सगळे भोंग्याच म्हणत. अडगळीच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवून तो तासन्‌तास हंबरायचा. आणि मुलांना सोपं जावं म्हणून भिंगरीच्या आईनं एक गंमत घातली होती. जे ओरडतं त्याची शेपूट जराशी हलायची.

शनिवारी ऑफिसातल्यांचीच पोरं सतरंजीवर बसवून खेळ तपासायचे. त्यात भिंगरीचा पहिला नंबर. कधी चुकायचीच नाही. त्या शनिवारी मात्र भोंग्या नव्या खेळात आवाज घालायलाच विसरला. हिशेबनिसाचा मुलगा पडद्यावर चापट्या मारू लागला. दुसरी एक पोर "गेलं, गेलं" करत आईकडे धावली. भिंगरी तेवढी टाळ्या वाजवत गायीला नाचवत होती.

"भोंग्या, मुकी जनावरं विकू का मी?" मालक कडाडला. मग भिंगरीकडे बघून खूश झाला. "ही बघ! आवाज असो नसो, हिचं अडत नाही. आपला हुकमी एक्का!"

सगळे हसले. भोंग्या हसला नाही.

"ताई," तो हळूच म्हणाला, "आवाज गेलाय हे तिला कळलंच नाही."

"तिला काही कळत नाही म्हणतोस? सगळ्यांत हुशार आहे ती."

"आहेच. पण एकदा शेपट्या बंद करून बघा ना."

"तू आधी स्वतःचं काम नीट कर, मग माझ्या पोरीत खोड काढ!"

तो लाल झाला, पण हलला नाही. उभाच राहिला. तेव्हा ती तणतणत टेबलाशी गेली आणि तिनं सगळ्या शेपट्या थांबवल्या. भोंग्यानं आवाज घातला, पुरता चढवला. गाय अशी हंबरली की हिशेबनिसानं कानांवर हात ठेवले.

भिंगरी पडद्याकडे बघत बसली. मग मान वळवून तिनं आईकडे पाहिलं. आज शेपूट का हलत नाही?

आई तिच्याशेजारी सतरंजीवर बसली. घरी दिवा लागला की वळणारी, तोंड हललं की हसणारी ही पोर. सगळं डोळ्यांनी उचलत होती. आणि दुसऱ्या कुणी नाही, आपणच तिच्या न ऐकण्यावर सुबक, रंगीत शेपट्यांचं पांघरूण घातलं होतं.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. जन्मल्यावर कान ठीक होते, ऐकू येणं नंतर कमी होत गेलं होतं. "यंत्रं लावू. वेळेवर आणलंत. बोलायला शिकायचं वय अजून हातात आहे."

वेळेवर! तिनं मनातल्या मनात भोंग्याचे पाय धरले.

सुरुवातीला भिंगरी यंत्रं उपटून बादलीत टाकायची. सासूबाई ती पुसून पुन्हा लावायच्या. धीर द्यायचं त्यांनी सोडून दिलं होतं. आता सुनेबरोबर दवाखान्यात येत होत्या.

मग एका शनिवारी भिंगरी पुन्हा सतरंजीवर बसली. शेपट्या बंदच होत्या. गाय हंबरली. भिंगरी दचकली, कानाशी हात नेला आणि तिनं बोट ठेवलं कोंबडीवर.

"चुकली," हिशेबनीस हळहळला.

"चुकू दे हो!" आई ओरडलीच. "ऐकून चुकली ना!"

तिनं भोंग्याकडे पाहिलं. काय बोलायचं ते घरून ठरवून आली होती, पण डोळेच भरून आले. "तू विसरला नसतास तर..."

"ताई, रडू नका. मालक बघतोय. त्याला वाटेल पगारवाढ मागताय."

"गप रे. एकदा हंबर."

"इथं? सगळ्यांसमोर?"

"हंबर म्हणते ना!"

भोंग्या भिंगरीच्या पाठीमागे, तिला दिसणार नाही असा उभा राहिला, आणि लाजत लाजत हंबरला.

भिंगरीनं पडदा सोडला. सबंध वळली, आणि त्या दाढीवाल्या गायीकडे बोट करून खदखदून हसली.

"पुन्हा कर," आई डोळे पुसत म्हणाली. "भल्या माणसा, पुन्हा कर."