पिवळ्या तबकडीवरचे शेवटचे गाणे

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. खरे पाहिले तर माझे वय काही फार नाही. माझ्याहून जुने लिंबाचे लोणचे जयूकाकूंच्या फडताळात आहे. पण ज्या वस्तूला कोणी विचारीत नाही ती लवकर म्हातारी होते. माझा रंग हळदीसारखा पिवळा आहे. माझ्या पोटात बारीक रेघा आहेत आणि त्या रेघांत गाणी आहेत. उज्जैनला फ्रीगंजमध्ये, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत भय्यासाहेबांचे घर आहे, तिथल्या काचेच्या कपाटात मी उभी असते.

माझी गोष्ट माझ्या जन्माच्या आधी सुरू होते. भय्यासाहेब बँकेत होते. त्यांची पुतणी गौरी, शेजारचा चिन्मय आणि नानाखेड्याचा हर्षल अशी तीन मुले सदा त्यांच्या गच्चीवर असत. एका जूनमध्ये भय्यासाहेब त्यांना वेधशाळा दाखवायला घेऊन गेले. आमच्या गावावर वर्षातून एकदा सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि काही क्षण माणसाची सावली दिसेनाशी होते. मुले आपापल्या पायांकडे बघत उभी राहिली. सावली नव्हती. हर्षल म्हणाला, "सावली गुल!" बत्ती गुल म्हणतात ना, तसे.

घरी आल्यावर त्यांनी ही नवलाई जयूकाकूंना सांगितली. जयूकाकू म्हणजे भय्यासाहेबांच्या पत्नी. त्या पोळ्या लाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गुल कुठली होते? पायाखाली दबून बसते. उडी मारून बघा, दिसेल." मुले गच्चीवर धावली आणि उन्हात उड्या मारीत बसली. पुढे मोठी झाल्यावर त्यांनी आपला बँड काढला तेव्हा त्याचे नाव तेच ठेवले, 'सावली गुल'. काकूंचे बोलणे मात्र कोणी लक्षात ठेवले नाही.

त्यांनी एक नियमही करून टाकला. आपल्या गाण्यात ऊन असेल, सावली नको. दुःखी गाणी गायला दुनिया पडली आहे, असे चिन्मय म्हणे.

त्यांचा पहिला गाण्यांचा संच म्हणजे माझी थोरली बहीण. तिला माझ्यासारखे अंग नव्हते. ती नुसती लोकांच्या फोनमध्ये राहायची. गच्चीवरच्या खोलीत, दारावर गोधडी टांगून, चिन्मयची गिटार, हर्षलची ढोलक आणि गौरीचा गळा एवढ्यावर ती झाली. एका गाण्याच्या शेवटी खालून जयूकाकूंची हाक आली, "पोरांनो, पोहे गार होताहेत, मग म्हणू नका." ती हाक यंत्रात उतरली. मुले हसली आणि तिला तशीच राहू दिली. मित्रांनो, त्या एका हाकेने कमाल केली. इंदूरच्या, पुण्याच्या मुलींनी ती आपल्या फोनची घंटी म्हणून लावली. लोक म्हणू लागले, ही गाणी ऐकली की सकाळ झाल्यासारखे वाटते. बहिणीचे इतके कौतुक झाले की दुसऱ्या वेळी खरीखुरी तबकडी काढायचे ठरले. ती तबकडी मी.

थोरलीचे कौतुक झाले की धाकटीला तिचे कपडे घालतात. माझेही तसेच झाले.

या वेळी गाणी इंदूरला, काचेच्या दाराच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. त्यातली काही खरेच छान होती. भर दुपारी रिकाम्या रस्त्यावरून जाणाऱ्या ऑटोचे एक गाणे आहे, त्यात हर्षलची ढोलक अशी काही खळखळते की आजही सुई तिथे आली की मला गुदगुल्या होतात. पण एका गाण्याचे शब्दच चिन्मयला सुचले नाहीत. अर्धे गाणे नुसते ला-ला-ला आहे. आणि एक गाणे तर पोह्यांवर रचले, कारण लोकांना ती हाक आवडली होती. जयूकाकूंना इंदूरला नेले. त्या ठेवणीतली माहेश्वरी साडी नेसून गेल्या. चिन्मयने समजावले, "काकू, बिलकुल घरच्यासारखं म्हणा." काकूंनी त्या काचेकडे पाहिले आणि विचारले, "अरे, पण पोहे कुठे आहेत?" पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले. माझ्या रेघांत जे उतरले ते पाहुण्यांसमोर पाढे म्हणणाऱ्या मुलासारखे आहे. परतताना गाडीत काकू एवढेच म्हणाल्या, की साडी उगीच चुरगळली.

आता शेवटच्या गाण्याविषयी सांगते. माझ्या दुसऱ्या बाजूला, अगदी आत ते आहे.

त्या हिवाळ्यात गौरीला पुण्याला नोकरी लागली. होळीनंतर जायचे होते. हे तिने घरी सांगितले, पण मित्रांना सांगायला तिची जीभ वळेना. मग तिने गाणे लिहिले. 'कुलूप लावून वळून पाहिले, तर घर आतून पाहत होते,' असे काहीसे त्याचे शब्द आहेत. जानेवारीतल्या एका दुपारी गच्चीवरच्या त्याच खोलीत तिने ते म्हटले. चिन्मय हलक्या हाताने गिटार वाजवीत होता. जयूकाकू दाराशी उन्हात बसून मटार सोलत होत्या. आठवण म्हणून ते यंत्रात घेतले. गाणे संपले. हर्षलने ढोलकीवरच्या फडक्याने नाक पुसले. गौरीने एकच मागणे केले, की हे गाणे तबकडीत घ्या आणि जसे आहे तसेच घ्या. आयुष्यात तिने बँडकडे दुसरे काही मागितले नव्हते.

चिन्मय हो म्हणाला. मित्रांनो, तो वाईट मुलगा नव्हता. पण सावली गुल होते त्या जूनच्या दुपारीच नवी गाणी बाहेर काढायची असा बँडचा रिवाज होता, आणि तबकड्या छापणारा दूरच्या शहरातला कारखाना थांबायला तयार नव्हता. सगळी गाणी एकापुढे एक लावून ऐकताना चिन्मयला वाटले, शेवटी ही सावली पडते आहे. लोकांनी ऊन मागितले आहे. गाणे काढून टाकायला त्याचे मन झाले नाही. म्हणून त्याने ते संगणकावर पळवले. चाल जलद झाली, आवाज बारीक आणि उंच झाला, आणि गाणे खरेच लहान मुलीसारखे बागडू लागले.

गौरीने ते ऐकले आणि विचारले, "हे कोण गातंय?"

"तूच की," चिन्मय म्हणाला. "फक्त जरा खूश आहेस."

गौरी चपला घालीत म्हणाली, "चलेगा." चिन्मयला ते होकारासारखे ऐकू आले. हर्षल सांगून पाहत होता, की यार, तिला एकदा नीट विचार. पण कारखान्याची तारीख उद्यावर होती.

मग माझा जन्म झाला. गरम लगद्याचा गोळा दोन साच्यांत दाबला गेला आणि त्या चिमट्यातून मी बाहेर आले, उन्हासारखी पिवळी. आम्ही एकाच साच्यातल्या बहिणी खोक्यांत भरून उज्जैनला आलो. जूनच्या त्या दुपारी गच्चीवर गर्दी झाली. एका दिवसासाठी गौरी पुण्याहून आली होती. बाराच्या पुढे सावली गुल झाली, सगळे ओरडले, आणि मला भय्यासाहेबांच्या तबकडीयंत्रावर ठेवले. लोक नाचले. शेवटचे गाणे लागले तेव्हा गौरी पाणी प्यायला खाली गेली.

एका वर्तमानपत्रात माझ्यावर चार ओळी आल्या. लिहिणाऱ्याने म्हटले होते, की पोरांत दम आहे, पुढे आशा आहे, पण हा दुसरा प्रयत्न उंचसखल झाला आहे. शेवटचे गाणे तर घरी जायची घाई असल्यासारखे गायले आहे. तो खोटे बोलला नाही. पुढच्या वेळची आशा मात्र वाया गेली, कारण पुढची वेळ आलीच नाही. गौरी पुण्यात रमली, किंवा रमले असे सांगू लागली. चिन्मयने एका शाळेत संगीत शिकवण्याची नोकरी धरली. दोघांत भांडण झाले असते तर ते मिटले असते. इथे नुसते दिवाळीचे निरोप राहिले.

माझ्या बहिणींचे खोके हर्षलच्या नानाखेड्याच्या घरी पलंगाखाली गेले. आमच्या मधोमध भोक आयतेच असते, म्हणून टावर चौकातल्या एका हॉटेलात एकीचे भिंतीवरचे घड्याळ केले. मी त्या मानाने भाग्यवान. भय्यासाहेब शिस्तीचे. हात धुऊन, पुसून, कडेला धरून मला काढीत. पण पहिली बाजू, तीही ऑटोच्या गाण्यापर्यंत, एवढेच ऐकत आणि मला परत ठेवीत. माझी दुसरी बाजू कितीतरी वर्षे कोणी ऐकली नाही. गाणे पोटात असून मुकी राहण्याचे दुःख तुम्हांला कसे सांगू?

या वर्षी मे महिन्यात भय्यासाहेब बँकेत कसल्याशा सहीसाठी गेले होते. जयूकाकू कपाट पुसत होत्या. पुसता पुसता त्यांना काय वाटले कोण जाणे, त्यांनी मला यंत्रावर ठेवले आणि दुसरी बाजू लावली. पोह्यांचे गाणे आले तेव्हा त्या स्वतःवरच हसल्या. मग शेवटचे गाणे लागले. काकू फडके हातात धरून ऐकत राहिल्या.

"ही पोर बस पकडायला पळतेय का?" त्या म्हणाल्या.

आणि जे आजवर कोणी केले नव्हते ते त्यांनी केले. ओल्या कोथिंबिरीचा वास येणारे आपले बोट त्यांनी माझ्या कडेवर हलकेच टेकवले. लेकराच्या पाठीवर ठेवावे तसे. मी जराशी मंदावले. आणखी जराशी. आणि मित्रांनो, गौरीचा आवाज नाकातून छातीत उतरला. चाल चालू लागली. माझ्या रेघांत इतकी वर्षे एक टिकटिक होती. मला ते यंत्राचे काही वाटे. काकूंच्या बोटाखाली तिची टपटप झाली. स्टीलच्या पातेल्यात काहीतरी पडत होते.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "हे तर माझे मटार."

भय्यासाहेब दारात उभे होते. तबकडीवर बोट बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. काकूंनी बोट काढले नाही. "गप्प बसा आणि ऐका," एवढेच म्हणाल्या. एका पायात बूट तसाच ठेवून भय्यासाहेबांनी सगळे गाणे ऐकले.

मग काकूंनी कोणाला न सांगता एक बेत केला. जूनच्या त्या दुपारी दाल आणि कणकेचे तुपातले बाफले करते आहे, ये, असा फोन त्यांनी पुण्याला केला आणि तोच फोन चिन्मयला केला. दोघांना एकमेकांचे सांगितले नाही. गौरी आली, तिच्या केसांत एक पांढरी बट होती. चिन्मय आला, तो दाराशीच घुटमळला. हर्षलला त्याच्या ढोलकीसकट बोलावले होते, पण तो ढोलक न आणता मुलाला घेऊन आला. जेवताना तिघे बाफल्यांतल्या तुपाविषयी खूप बोलले.

जेवण झाल्यावर काकूंनी मला काढले. सुई शेवटच्या गाण्यावर ठेवली आणि बोट टेकवले. काकूंचे बोट वयामुळे थरथरते, त्यामुळे गाणेही थोडे थरथरले. गौरीने पहिल्या ओळीलाच मान वर केली. मटार पडू लागले तेव्हा तिने काकूंकडे पाहिले.

गाणे संपल्यावर चिन्मय म्हणाला, "मी केव्हाही परत हळू करू शकलो असतो. संगणकावर एक मिनिटाचं काम होतं."

"मीही म्हणू शकले असते," गौरी म्हणाली.

"आता करू? जसं होतं तसं लोकांना ऐकवू?"

गौरीने माझ्याकडे पाहिले. "कोणाला, चिन्मय? तेव्हा ऐकायला मला तुम्ही हवे होतात." मग आवाज मऊ करून म्हणाली, "राहू दे. इथे आले की काकू लावतील."

चिन्मयने मान हलवली.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे काहीतरी असेल, जे एकदा ऐकून तुम्ही ठेवून दिले. सगळेच चांगले आहे असे मी म्हणणार नाही, माझ्यातलेही नाही. पण ठेवून देण्याआधी दुसरी बाजू लावून बघा. आणि कोणी तुमच्यासमोर हळू गात असेल तर त्याला पळवू नका. नंतर कडेवर बोट ठेवून बसावे लागते.

इकडे हर्षलचा मुलगा ओरडला, की सावली गुल व्हायची वेळ झाली. सगळे गच्चीवर धावले. भय्यासाहेबसुद्धा गेले, सुई न उचलता. वरून, पायाखालची सावली बघायला, उड्या मारल्याचा आवाज आला, आधी लहानग्याचा आणि मग मोठ्यांचाही. मी खाली रिकाम्या खोलीत फिरत राहिले. सुई शेवटच्या रेघेत खरखरत होती. एरवी मला त्याचे वाईट वाटले असते.