पावगाडीचं माप

कुणी जुना कोट घेऊन आलं आणि म्हणालं, "ह्याच मापाचा नवा शिवून द्या," की मावशी तो कोट घडी घालून परत त्याच्या हातात ठेवत. "कोट राहू दे. अंग दाखवा," म्हणत. गल्लीत सगळ्यांना हे वाक्य पाठ झालं होतं. जुना कोट धुऊन धुऊन आटलेला असतो, कुणीतरी उसवून आत घेतलेला असतो, नाहीतर माणूस वर्षानुवर्षं त्यात पोट आत ओढून वावरत असतो. त्यावरून माप घेणं म्हणजे एकाची चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालणं. मावशींचं हे ठाम मत होतं, आणि त्यांची मतं त्यांच्या शिवणीसारखीच होती. एकदा घातलेला टाका उसवायची सोय नाही.

अशा बाईनं गाडीच्या एअर फिल्टरच्या बाबतीत नेमकं उलटं करावं, म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यानं बादलीत बुडण्यातली गत.

गाडी ह्यांची. 'हे' म्हणजे मावशींचे यजमान, बेकरीवाले. मागची सीट काढून त्यांनी तिथे फळ्या बसवल्या होत्या आणि भल्या पहाटे त्या गाडीतून ते घरोघर पाव पोचवत. म्हणून गल्ली तिला पावगाडी म्हणे. पुढे फळ्या निघाल्या, सीट परत आली, बेकरी बंद झाली आणि एक दिवस बेकरीवालेही गेले. पण उन्हात दारं लावून गाडी उभी राहिली की आत अजून ताज्या पावाचा वास यायचा. निदान मावशींना तरी यायचा.

"आई, तो तापलेल्या रेक्झिनचा वास आहे," जावई म्हणायचे.

"तुम्हाला लवंगतेलाशिवाय दुसरा वास कळतो तरी का?" मावशी म्हणायच्या. जावई दातांचे डॉक्टर होते.

दर गुरुवारी मावशी पावगाडी काढून टेकडीवर ताईकडे जात. ताई म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण. तिचे गुडघे गेलेले, ती खाली उतरू शकत नव्हती, आणि बस टेकडीच्या पायथ्याशी सोडून मोकळी होत होती. दोघी बहिणी दिवसभर बडबडत, एकमेकींच्या चुका काढत, उन्हं कलली की मावशी परत येत. आठवड्यातले बाकीचे दिवस ह्या एका दिवसाला टाचलेले असत.

पण हल्ली पावगाडीला चढाचा दम लागू लागला होता. सपाटीवर ती शहाण्या मुलीसारखी चाले. चढ लागला की धापा टाकी, मागून काळा धूर सोडी, आणि एका गुरुवारी तर देवदाराच्या वळणावर बसूनच राहिली. मावशींना ती उलटी घेत खाली आणावी लागली.

जावयांनी हे ऐकलं आणि त्यांच्यातला डॉक्टर जागा झाला.

"आई, आता ही काढूनच टाकायची. माझ्या ओळखीचा एकजण आहे, जुन्या गाड्या घेतो, सुटे भाग करून विकतो. रविवारी सकाळी बोलावलंय त्याला."

"दात दुखला की उपटायचा, एवढंच शिकलात का हो जावईबापू? आधी कीड कुठे आहे ते तरी बघा!"

"आणि मधेच कुठे बंद पडली म्हणजे? तुमची लेक मला घरात घेणार नाही."

"मग शनिवारी माझ्याबरोबर बसा. ताईच्या फाटकापर्यंत एका दमात चढली, तर गाडी राहील. नाही चढली, तर तुमचा तो खाटीक रविवारी येऊ दे."

जावई हसले. "ठरलं. पण धक्का मी मारणार नाही हं!"

बोलून बसल्या खऱ्या, पण रात्रीच्या जेवणात मावशींचं लक्ष लागेना. गाडी गेली की गुरुवार गेला. लेक-जावई नेतील हो, नाही असं नाही. पण त्यांच्या सवडीनं. सवडीनं भेटणं वेगळं आणि मनात आलं की उठून जाणं वेगळं.

सकाळी त्यांनी गाडीचं बॉनेट उघडलं. ह्यांना त्यांनी इतक्यांदा त्यात डोकं घातलेलं पाहिलं होतं की कुठे काय असतं ते त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं. ह्यांचा मेकॅनिकवर विश्वास नव्हता. सगळं स्वतः करत. चार चापांची एक काळी पेटी उघडून तिच्यातून चुण्याचुण्यांचा चौकोनी फिल्टर काढत आणि भिंतीवर आपटून परत ठेवत. मावशींनी चाप उघडले. फिल्टर बाहेर काढला तो कंदिलाच्या काचेवर काजळी धरावी तसा काळाठिक्कर. त्याच्या कडेला एक तेलकट चिंध्यांचा बोळा अडकला होता. तो त्यांनी कचरा म्हणून फेकून दिला.

"ह्यातून श्वास कसा घेणार बिचारी!" मावशी म्हणाल्या. "नाकावर गोधडी ठेवून टेकडी चढल्यासारखं झालं की!"

गळ्यातली टेप त्यांनी काढली आणि फिल्टरची लांबी, रुंदी, जाडी मोजली. दोनदा मोजली, सुताचासुद्धा फरक नाही. मग तो एका जुन्या पिशवीत गुंडाळून डिकीत टाकला, कारण मावशी काहीच टाकत नसत, आणि त्या बसनं सुट्या भागांच्या दुकानात गेल्या.

दुकानदार काउंटरवर कोपर टेकून वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होता.

"गाडी कोणती? कोणत्या सालची?" त्यानं विचारलं.

मावशींनी सांगितलं. तो आत गेला, एक खोकं घेऊन आला.

"हा बसेल."

मावशींनी टेप लावली. "नाही बसणार. दोन बोटं लांब आहे."

"बाई, त्या गाडीला हाच लागतो."

"आणि मी काय अंदाजानं बोलतेय? गाडीतलाच काढून मोजलाय. माझी टेप चुकत नाही. अख्ख्या गल्लीला विचारा."

दुकानदारानं कोड्याकडे आशाळभूतपणे पाहिलं. कपड्याच्या दुकानात वाद घालणारी बायको त्याला घरी होती, त्याला हा सूर ओळखीचा होता. "तुमच्या मापाचा दुसऱ्या एका गाडीचा आहे," तो म्हणाला. "देतो. पण नाही बसला तर मला बोलायचं नाही."

मावशींच्या मापाचा फिल्टर पेटीत अलगद उतरला. जरा जास्तच अलगद. एका बाजूला सरळ फट राहिली. मावशींनी फटीकडे पाहिलं आणि त्यांना एकदम घरच्यासारखं वाटलं. फट! फटीला त्या आयुष्यभर पट्टी लावत आल्या होत्या. फुलाफुलांच्या जाड फ्लॅनेलची त्यांनी दुहेरी पट्टी शिवली, आत कापूस भरला आणि फटीत ठासून बसवली. पेटीचे चाप लावले. गाडी सुरू केली. पावगाडी गुणगुणली. गल्लीला फेरी मारून आली, धूर नाही की धाप नाही.

"खाटकाला निरोप धाडा," त्यांनी जावयांना फोनवर सांगितलं.

"आधी टेकडी, आई," जावई म्हणाले.

शनिवारी सकाळी जावई शेजारी बसले. पट्टा लावला, हात मांडीवर ठेवले, अगदी त्यांच्या खुर्चीत त्यांचे पेशंट बसत तसे. पायथा गेला. पहिला चढ गेला. मावशी गाणं गुणगुणू लागल्या. देवदाराचं वळण आलं आणि पावगाडीनं एक आवंढा गिळला. मग दुसरा. मग घशात घास अडकावा तसा आवाज करून ती थांबली.

मावशींनी किल्ली दोनदा फिरवली. नुसती खरखर.

"आई," जावई हळूच म्हणाले. त्यांचा सूर चांगला होता, म्हणूनच तो मावशींना जास्त लागला. "प्रयत्न केलात. आता पुरे."

"उघडा," मावशी म्हणाल्या.

जावयांनी बॉनेट उघडलं, चाप काढले, पेटीचं झाकण उचललं. फिल्टर एका बाजूला कलला होता आणि इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात फ्लॅनेलची पट्टी घट्ट खेचली गेली होती. डॉक्टरांनी दोन बोटं घालून ती बाहेर ओढली. ती निघता निघेना. कापूस, फुलं, दोरे, सगळा गोतावळा बाहेर आला.

"इतकी वर्षं तोंडात बोटं घालतोय," जावई म्हणाले, "पण कुणाच्या घशातून परकर नाही काढला कधी!"

मावशींना हसू आलं, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरले. त्या रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसल्या. समोर पेटी उघडी पडली होती. आत कडेनं एक खाच होती. रबराची कड बसावी अशी, सरळ, चारी बाजूंनी. त्या खाचेकडे त्या पाहत राहिल्या आणि मग ताडकन उठल्या.

"अगं बाई! अंग दाखव!"

"काय झालं?"

"जावईबापू, मी जुन्या कोटावरून माप घेतलं हो! मी! अंग इथे होतं, समोर, आणि मी कोट मोजत बसले!"

टेप त्यांच्या गळ्यात होतीच. त्यांनी खाच मोजली. फिल्टरपेक्षा दोन बोटं लांब. म्हणजे दुकानदाराचा पहिला फिल्टर, तोच. मग जुना आखूड का? त्यांनी डिकीतून पिशवी काढली, जुना फिल्टर ह्यांच्यासारखाच कट्ट्यावर दणादणा आपटला. धुळीचा लोट उठला, जावई शिंकत मागे सरले. एका बाजूची काजळी झडली आणि खालची रबराची कड दिसली. ती सरळ नव्हती. दातेरी होती. बारीक, एकसारखे, कापडाच्या कडेला असतात तसे त्रिकोणी दाते.

"कापलेला आहे," जावई चष्मा सारखा करत म्हणाले. "मोठ्या गाडीचा असणार. पण कशानं कापला असेल? असे दात मी कधी पाहिले नाहीत."

"मी पाहिलेत," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "माझ्या दातेरी कात्रीचे आहेत ते."

ती कात्री त्यांनी पहिल्या मोठ्या कामाच्या मिळकतीतून घेतली होती. कापडाचे दोरे सुटू नयेत म्हणून कडा दातेरी कापायची खास कात्री. तिला घरात कुणी हात लावायचा नाही असा नियम होता. आणि एक दिवस ती कापेना. चावू लागली. त्या दिवशी ताई घरी आलेली होती, ताईच्या पोरांना शाळेसाठी पुठ्ठ्याचं घर करायचं होतं. मावशींनी सरळ ताईवर पुठ्ठा कापल्याचा आळ घेतला. ताई शपथा घेऊन थकली. हे मधे वर्तमानपत्र धरून बसले होते. "जाऊ दे गं," म्हणाले होते. "कात्रीच ती."

"कात्रीच ती, म्हणे!" मावशी आता रिकाम्या रस्त्याला म्हणाल्या. "साळसूद मेले! मापाचा मिळाला नाही म्हणून मोठा आणला, जास्त कापला, जसा पाव कापायचे तसा वाकडा, आणि फटीत चिंध्या कोंबल्या!"

"फटीत चिंध्या कोंबल्या," जावयांनी हातातल्या फ्लॅनेलकडे पाहत म्हटलं. "कमाल आहे बुवा. अशी माणसं असतात?"

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि दोघंही इतकी हसली की वरून येणारा सायकलवाला काळजीनं थांबला.

पट्टी निघाल्यामुळे गाडी सुरू झाली. ती उताराला लावून त्या हळूहळू खाली आल्या आणि थेट दुकानासमोर थांबल्या. दुकानदारानं त्यांना पाहिलं, काउंटरखाली हात घातला आणि पहिलं खोकं वर ठेवलं. ते त्यानं परत आत नेलंच नव्हतं.

"ह्या वेळी कोट नाही, अंग मोजलंय," मावशी म्हणाल्या.

"काय?"

"काही नाही. द्या."

नवा फिल्टर जावयांनी तिथेच बसवला. मावशी बोटानं खाच तपासत होत्या. रबराची कड चारी बाजूंनी खाचेत बसली, ना चूण ना झोळ, जशी चांगल्या कोटाची कॉलर मानेला बसते. झाकण दाबलं. चाप एकामागून एक टकटक लागले.

"आता शब्द तोच," मावशी म्हणाल्या. "फाटकापर्यंत. एका दमात."

पहिला चढ गेला. ह्या वेळी त्या गुणगुणल्या नाहीत. देवदाराचं वळण आलं तेव्हा जावयांनीच श्वास धरून ठेवला होता. पावगाडीनं सूर जरासा खाली नेला, चढाला खांदा लावला आणि देवदार मागे पडला. मग पाण्याची टाकी. मग मोडका बाक. मागे आरशात धुराचा मागमूस नव्हता, नुसता स्वच्छ रस्ता. मावशी आता बोलत होत्या, कुणाशी ते सांगता येत नाही. "चल गं माझी बाय. चल. आलंच."

ताईचं फाटक दिसलं तसा जावयांनी खिशातून फोन काढला. "हॅलो? उद्या येऊ नका. नाही हो, विकायची नाही. काय सांगू, आमच्या घरात ती माझ्यापेक्षा तरुण निघाली."

ताई ओसरीत खुर्ची टाकून बसली होती. "काय गं चिमणे, आज शनिवारी? आणि जावयाला कशाला पकडून आणलंस? रडवलंयस का त्याला?"

मावशी पुढे गेल्या आणि पिशवीतला जुना फिल्टर त्यांनी ताईच्या मांडीवर ठेवला. दातेरी कड वर.

"हे काय घाणेरडं आणलंस?"

"नीट बघ. कड बघ."

ताईनं बोट फिरवलं. एकदा. पुन्हा. मग तिच्या चेहऱ्यावर, सुरकुत्यांच्या तळातून, शाळेत असतानाचं हसू हळूहळू वर आलं.

"तुझी कात्री."

"हं."

"आणि कापलं कुणी?"

"ह्यांनी."

"ते वर्तमानपत्र धरून बसले होते! उलटं धरलं होतं! मी तेव्हाच म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतंस."

"आणि तू काय म्हणालीस? स्वतःचं झाकायला ताई दुसऱ्याचं नाव घेते म्हणालीस!"

"म्हणाले होते. चुकलं माझं. आता काय पाय धरू?"

"पाय नको, गुडघे दुखतात." ताईनं फिल्टर उचलून उन्हात धरला, एखाद्या शिफारसपत्राकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहिलं आणि खिडकीत आरशाशेजारी उभा करून ठेवला. मग पुन्हा खुर्चीत नीट रेलून बसली.

"गुरुवारी येशील ना?"

"येणार तर! गाडी आहे की माझी."

"मग येताना ती कात्री घेऊन ये."

"कशाला?"

"इतकी वर्षं आळ सोसला," ताई म्हणाली, "आता एकदा तरी त्या कात्रीनं पुठ्ठा कापून बघणार आहे मी."